सायलेंट हिल (पहिले प्लेस्टेशन, १९९९): एवढे दाट धुके मुळातच आहे की माझ्या मशीनमध्ये दोष आहे?

इंदिरानगरकर

नमस्कार.

गेल्या महिन्यात मी नाशिकमध्येच एका ओळखीच्या गृहस्थांकडून वापरलेले प्लेस्टेशन २ विकत घेतले आणि त्यांनी सोबत पहिल्या प्लेस्टेशनच्या काही मूळ डिस्कही दिल्या. त्यांत काळ्या पाठीची 'सायलेंट हिल'ची डिस्क होती. हा गेम आला तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पण माझा मामेभाऊ शालिमारजवळच्या एका गेम पार्लरमध्ये तासावर पैसे देऊन तो खेळत असे आणि दिवाळीच्या सुट्टीत आजोळी जमलेल्या आम्हा धाकट्यांना रात्री दिवे घालवून त्याची गोष्ट सांगत असे. म्हणून मी हीच डिस्क सर्वांत आधी लावली.

अडचण अशी आहे की मला पडद्यावर धुक्यापलीकडे फारसे काही दिसतच नाही. गाडीच्या अपघातानंतर हॅरी मेसन शुद्धीवर येतो, शेजारी बसलेली त्याची लहान मुलगी शेरिल नाहीशी झालेली असते, आणि तो तिला शोधायला खाली उतरतो इथपर्यंत सगळे ठीक चालते. त्यानंतर मात्र आठ-दहा पावलांपलीकडचा रस्ता, दुकाने, दिव्यांचे खांब यांतले काहीही दिसत नाही. जवळ गेल्यावरच एकेक वस्तू करड्या रंगातून बाहेर येते आणि मागे गेली की पुन्हा पुसली जाते. शिवाय चालताना भिंतींवरच्या विटा हलल्यासारख्या वाटतात. माझ्या मित्राने दहा मिनिटे पाहिले आणि "लेन्स गेली आहे, डिस्क नीट वाचली जात नाही" असे सांगितले. त्याच्या ओळखीचा दुरुस्ती करणारा लेन्स बदलून देण्याचे जे पैसे मागतो आहे, तेवढ्यात दुसरे मशीन येईल.

दुसरी शंका गल्लीची. शेरिलच्या मागोमाग मी त्या अरुंद गल्लीत शिरतो, अचानक अंधार होतो, हॅरी काडी पेटवतो, आणि शेवटी हातात सुऱ्या घेतलेल्या लहान लहान आकृत्या मला घेरून मारतात. मी तीन वेळा खेळलो, तिन्ही वेळा मेलो. पहिल्या दोन वेळा मी घाबरून लगेच मशीनच बंद केले. तिसऱ्या वेळी थांबलो, तर हॅरी एका कॅफेत जागा झाला. मी काही चुकवतो आहे का?

तिसरी शंका साधी आहे. मशीनमध्ये मेमरी कार्ड असूनही गेम सेव्ह होत नाही.

पण मला मनापासून विचारायचे आहे ते वेगळेच. एवढ्या अस्पष्ट चित्राचीही मला खरी भीती वाटली. आजचे गेम मी खेळतो, त्यांत चेहऱ्यावरचा घामसुद्धा दिसतो, तरी असे होत नाही. समजा, दुरुस्ती करून धुके गेले, तर भीतीही जाईल का? मशीन दुरुस्तीला टाकायचे की नाही, हे मला त्यावरून ठरवायचे आहे.

जुने सिडको

आधी तुमचे पैसे वाचवतो. मशीन दुरुस्तीला टाकू नका. लेन्स कमजोर झाली की डिस्क लवकर वाचली जात नाही, आवाज तुटतो, चित्रफीत अडखळते किंवा गेम मध्येच गोठतो. चित्र वाचले गेले, पण धुकट वाचले गेले, असे डिस्कच्या बाबतीत होत नाही. धुके गेममध्येच आहे आणि ते सगळ्यांना तेवढेच दिसते.

गल्लीतला मृत्यूही टळत नाही. तिथे तुमच्या हाती शस्त्र नसते आणि मागे फिरलात तरी वाट बंद झालेली असते. कॅफेत जागे होणे हाच पुढचा रस्ता आहे. तिथे सुरी, नकाशा आणि विजेरी आठवणीने उचला.

सेव्हचे कारण तुमच्या कार्डात आहे. प्लेस्टेशन २ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनच्या डिस्क चालतात, पण ते गेम प्लेस्टेशन २ च्या कार्डावर थेट सेव्ह होत नाहीत. त्यांना पहिल्या प्लेस्टेशनचे, १५ ब्लॉकचे, १२८ किलोबाइटचे जुने कार्ड लागते. ते त्याच खाचेत बसते. विकत घेताना मागून खात्री करून घ्या, कारण दोन्ही कार्डे दिसायला सारखीच असतात आणि विकणाऱ्यालाही पुष्कळदा फरक ठाऊक नसतो.

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो त्याला कारण आहे. २००६ च्या सुमारास भारनियमन जोरात होते, तेव्हा माझ्याकडे कार्डच नव्हते. वीज कधी जाईल ते वेळापत्रकात छापून यायचे, पण जायची मात्र त्याआधीच. मी शाळेच्या अंगणापर्यंत पोहोचलो की पंखा थांबायचा, टीव्हीच्या मधोमध एक पांढरा ठिपका उरायचा आणि तोही विझायचा. वीज आली की पुन्हा अपघात, पुन्हा गल्ली, पुन्हा कॅफे. त्या गल्लीतली उलटलेली चाकाची खुर्ची आणि तिचे फिरत राहिलेले चाक मी किती वेळा पाहिले असेल याची मोजदाद नाही, आणि तरीही काडी पेटण्याच्या क्षणी माझा हात दर वेळी आखडत असे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापेक्षा जाणकार देतील. मी एवढेच सांगतो की पाठ झाल्यावरही ती भीती गेली नव्हती.

सातपूर तंत्रज्ञ

माझे अर्धे आयुष्य टीव्ही आणि गेमची मशीन दुरुस्त करण्यात गेले, त्यामुळे धुक्याच्या प्रश्नाचे उत्तर जरा सविस्तर देतो.

पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर सुमारे ३४ मेगाहर्ट्झचा, मुख्य मेमरी २ मेगाबाइट आणि चित्रासाठीची वेगळी मेमरी १ मेगाबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा पुष्कळदा त्या दोन्हींत मिळून मावणार नाही. डिस्कवरून माहिती येण्याचा वेग सेकंदाला ३०० किलोबाइट. एवढ्या सामग्रीत अख्खे गाव उभे करायचे, त्यात खेळणाऱ्याला मनाप्रमाणे हिंडू द्यायचे आणि प्रत्येक घर क्षणोक्षणी नव्याने रेखाटायचे, हे त्या मशीनच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून जवळचे तेवढे रेखाटायचे आणि लांबचे झाकायचे. झाकण्यासाठी बाहेर धुके आणि इमारतींच्या आत अंधार. अंतराप्रमाणे वस्तूचा रंग ठरावीक रंगात मिसळत नेण्याची सोय मशीनच्या भूमिती हाताळणाऱ्या भागात मुळातच होती, तिचा इथे पुरेपूर वापर झाला आहे. विटा हलतात त्याचेही कारण मशीनच आहे. हे मशीन भिंतीवर चित्र चिकटवताना जवळ-लांबचा हिशेब धरत नाही, आणि कोपऱ्यांची जागा अपूर्णांकात न मोजता पूर्ण ठिपक्यात मोजते, त्यामुळे कॅमेरा जरा हलला की कोपरा एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर उडी मारतो.

आता हे लक्षात घ्या की त्या काळात याच मशीनवर दुसरा मार्गही उपलब्ध होता आणि तो कमालीचा यशस्वी झाला होता. १९९६ मध्ये शिंजी मिकामी यांच्या दिग्दर्शनाखाली 'रेसिडेंट ईव्हिल' हा भीतीचा गेम आला. त्यात खोल्या आधीच मोठ्या संगणकांवर रंगवून स्थिर चित्रे म्हणून डिस्कवर ठेवल्या होत्या आणि त्या चित्रांवरून फक्त माणसे व राक्षस चालत होते. म्हणून तो गेम ज्या वाड्यात घडतो तिथला गालिचा आणि झुंबर इतके बारकाव्याने दिसते. त्याची किंमत अशी की कॅमेरा खिळ्याने ठोकल्यासारखा एका जागी राहतो. दार उघडण्याचे ते संथ दृश्यही पुढची खोली डिस्कवरून येईपर्यंतचा वेळ भरून काढत असते. तिथली भीती काटकसरीची आहे: गोळ्या मोजक्या, सेव्ह करायला टाइपरायटरची रिबीन लागते आणि तीही मोजकी, खेळायला निवडता येणाऱ्या दोन पात्रांपैकी ख्रिसला सामान ठेवायला ६ कप्पे, जिलला ८. आपल्या घरात महिनाअखेरीला जसा हिशेब चालतो, तसा तिथे प्रत्येक दारापाशी चालतो.

कोनामी कंपनीच्या ज्या चमूने केइइचिरो तोयामा यांच्या दिग्दर्शनाखाली 'सायलेंट हिल' केला, त्यांनी रंगवलेल्या खोल्यांचा हा सुरक्षित मार्ग घेतला नाही. त्यांनी जग क्षणोक्षणी रेखाटायचे ठरवले आणि त्यासाठी चित्राची स्पष्टता सोडली. बदल्यात त्यांना मोकळा कॅमेरा मिळाला. तुम्ही तीन वेळा मेलात ती गल्लीच पाहा. सुरुवातीला कॅमेरा हॅरीच्या मागे असतो. तो वळणावर पोहोचला की वर जातो, तिरका होतो, त्याच्या डोक्यावरून फिरतो, आणि तुम्ही बटण दाबून त्याला पुढे नेत असता तेव्हाच जमीन कलू लागल्यासारखे वाटते. रंगवलेल्या स्थिर चित्रात हे करताच येत नाही. पुढच्या वेळी गल्लीतून पळू नका. चालत जा आणि केवळ कॅमेऱ्याकडे लक्ष ठेवा.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की धुके काढले तर हा गेमच उरणार नाही. धुक्यासाठी मशीनची मर्यादा कारण झाली हे खरे, पण त्या मर्यादेपाशी आणून सोडणारा मार्ग चमूने स्वतः निवडला होता.

एक व्यावहारिक सूचना. प्लेस्टेशन २ मध्ये डिस्क न घालता मशीन सुरू केले की व्हर्जनच्या पानावर 'प्लेस्टेशन ड्रायव्हर' नावाची नोंद सापडते. तिथे चित्र गुळगुळीत करण्याची सोय आहे. ती या गेमसाठी लावू नका, सगळे मेणाचे दिसते. आणि घरात कुणाच्या माळ्यावर पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही धूळ खात पडला असेल तर तो उतरवा. या मशीनला मोजकेच रंग दाखवता येत असल्यामुळे ते शेजारशेजारच्या ठिपक्यांत वेगवेगळे रंग पेरून मधली छटा भासवते. आजच्या सपाट पडद्यावर ते ठिपके रांगोळीच्या दाण्यांसारखे सुटे दिसतात. ट्यूबच्या टीव्हीवर ते एकमेकांत मिसळतात आणि धुके खरेच हवेत असल्यासारखे वाटते. दुरुस्तीचे पैसे वाचलेच आहेत, तर त्यांतून टेम्पोचे भाडे द्या आणि टीव्ही घरी आणा.

पहाटेचा त्र्यंबक रोड

सातपूर तंत्रज्ञ यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि त्यातून खूप शिकलो, परंतु एका मुद्द्यावर माझा मतभेद आहे. धुके काढले तर गेम उरणार नाही हे मान्य, पण धुके असले म्हणजे भीती आली असेही नाही. १९९७ मध्ये निन्टेंडो ६४ या मशीनवर 'टुरॉक' हा गेम आला होता, त्यातही चार हातांपलीकडे काही दिसत नाही. लोक त्या धुक्याला वैतागत, कुणी त्याला घाबरल्याचे मी ऐकलेले नाही. तेव्हा भीतीचे मूळ दुसरीकडे शोधले पाहिजे, आणि माझ्या मते ते कॅफेतल्या टेबलावर पडलेल्या छोट्या रेडिओत आहे.

माझा दूध पोहोचवण्याचा व्यवसाय असल्याने मला डिसेंबर-जानेवारीत पहाटे साडेचारला त्र्यंबक रोडवरून यावे लागते. काही दिवशी धुके असे उतरते की गाडीच्या दिव्याचा पिवळा पट्टा बोनेटपासून पाच-सहा फुटांवर भिंतीला थडकल्यासारखा संपतो. अशा वेळी मी काच खाली करतो, कारण धुक्यात समोरची गाडी दिसण्याआधी ऐकू येते. अडचण एवढीच की आवाज येतो आहे हे कळते, पण कुठून येतो ते कळत नाही. समोरून येणारा ट्रक मागून आल्यासारखा वाटतो. धुक्याचा मला कधी त्रास झाला नाही. आवाज ऐकू आल्यापासून दिवे दिसेपर्यंत जे सात-आठ सेकंद जातात, त्यांचा होतो.

सायलेंट हिलचा रेडिओ नेमके हेच करतो. काहीतरी जवळ आले की तो खरखरू लागतो, अधिक जवळ आले की खरखर वाढते, परंतु ते कोणत्या बाजूला आहे हे तो सांगत नाही. म्हणजे खेळणाऱ्याला अर्धीच बातमी मिळते, आणि उरलेली अर्धी तो स्वतःच्या मनाने भरतो. मुळीच बातमी नसती तर तो निर्धास्त चालला असता, आणि पूर्ण असती तर नेम धरून मोकळा झाला असता. विजेरीचेही तसेच. ती लावली तर तुम्हाला दिसते, पण तुम्हीही दिसता. विझवली तर राक्षसांचे लक्ष कमी जाते, पण मग अंधारात नकाशासुद्धा वाचता येत नाही. धुके हे सर्व घडण्यासाठी लागणारी जागा आहे, एवढेच मी म्हणेन.

आणि हॅरीविषयी कुणी बोलले नाही म्हणून लिहितो. रेसिडेंट ईव्हिलमधली माणसे प्रशिक्षित पोलीस पथकातली आहेत. हॅरी लेखक आहे. तो धावला की दमतो, भिंतीवर आदळला तर हात पुढे करून स्वतःला सावरतो, आणि त्याचा नेम चुकतो. नवीन खेळणारे याला नियंत्रणातला दोष समजतात. माझी मुलगी चार वर्षांची असताना पंचवटीत कुंभमेळ्याच्या गर्दीत दहा मिनिटे हातातून सुटली होती. त्या दहा मिनिटांत मी कसा धावलो, किती जणांना धडकलो आणि कुणाकुणाला काय विचारले हे मला आजही नीट आठवत नाही. हॅरी ज्या तऱ्हेने धावतो ती मला तेव्हापासून पटते.

सातपूर तंत्रज्ञ

रेडिओचा मुद्दा माझ्याकडून राहून गेला होता आणि तुमचे म्हणणे मला मान्य आहे. टुरॉकचे उदाहरणही बिनतोड आहे. त्याला जोडून एक सांगतो: खरखर सुरू नसतानाही अकिरा यामाओका यांचे संगीत पुष्कळ ठिकाणी कारखान्यातल्या आवाजासारखे चालू राहते. सातपूरच्या शेडमध्ये प्रेस चालू असताना बाहेर उभे राहिले की जसा आवाज जमिनीतून पायात येतो, तसा. त्यामुळे हा आवाज संगीताचा की राक्षसाचा, या शंकेत खेळणारा कायम राहतो. हेडफोन लावू नका, टीव्हीचाच आवाज वाढवा.

पेटीवाली

मी पंचवटीत मुलांना पेटी शिकवते. गेम एरवी खेळत नाही, पण हा माझ्या धाकट्या भावाबरोबर बसून पूर्ण पाहिला आहे. इंदिरानगरकर, तुम्ही लवकरच मिडविच शाळेत पोहोचाल आणि तिथल्या संगीताच्या खोलीत अडकाल. बहुतेक सगळे अडकतात, म्हणून उत्तर न सांगता केवळ वाट दाखवते.

तिथे एक पियानो आहे, त्याच्या पट्ट्यांवर रक्ताचे डाग आहेत, आणि फळ्यावर मुक्या पक्ष्यांची एक कविता आहे. माझा भाऊ तासभर सूर लावून पाहत होता, कारण पियानो म्हणजे काहीतरी वाजवायचे असणार असे त्याने धरले होते. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. माझ्या लक्षात आले की काही पट्ट्या दाबल्यावर नुसता खट् असा लाकडाचा आवाज येतो आणि सूर येत नाही. जुन्या पेटीत सूरपट्टी गेली की असेच होते. बोटाला पट्टी दबल्याचे कळते, कानाला काहीच कळत नाही. मुका पक्षी म्हणजे काय ते मला तिथेच समजले. आता एवढे करा: कोणत्या पट्ट्या मुक्या आहेत ते आधी कागदावर मांडा. मग कवितेतला कोणता पक्षी पांढरा आणि कोणता काळा ते पाहा, आणि कोण कुणाच्या पुढे गेला, कोण कुणाच्या शेजारी बसला हे शब्द न शब्द वाचा. कवितेतली प्रत्येक ओळ जागा सांगते.

हे कोडे मला फार आवडले, कारण ते सोडवण्यासाठी त्या सुन्या शाळेत बराच वेळ शांत उभे राहून ऐकावे लागते.

आणखी एक. दवाखान्यात गेल्यावर जमिनीवर सांडलेला एक लाल द्रव दिसेल. रिकामी प्लॅस्टिकची बाटली मिळाली असेल तर तो भरून घ्या. का, ते विचारू नका. या गेमला पाच वेगवेगळे शेवट आहेत आणि त्यांतला सर्वांत चांगला हवा असेल तर ती बाटली लागते.

इंदिरानगरकर

सर्वांचे मनापासून आभार. दुरुस्ती करणाऱ्याला नको म्हणून कळवले. जुने कार्ड मिळायला आठवडा गेला. दोन ठिकाणी प्लेस्टेशन २ चेच कार्ड 'हेच चालते' म्हणून पुढे केले, तेव्हा जुने सिडको यांचा इशारा उपयोगी पडला. टीव्ही माझ्या मामेभावाच्या घरी नाशिक रोडला होता. तो स्वतः रिक्षातून मांडीवर घेऊन आला आणि मग घरी परत गेलाच नाही, रात्री माझ्याबरोबर बसला.

आम्ही गल्लीतून चालत गेलो. कॅमेरा वर जातो तिथे भाऊ म्हणाला की पार्लरमध्ये मागे उभ्या असलेल्या मुलांच्या गोंगाटात हे त्याला कधी दिसलेच नव्हते. ट्यूबच्या टीव्हीवर धुक्याचे ठिपके खरोखर दिसत नाहीत. कॅफेतून बाहेर पडून दुसऱ्या चौकात पोहोचलो असू, तेवढ्यात रेडिओ खरखरला. मी थांबलो. खरखर वाढली. मी हॅरीला एका जागी गोल फिरवला, चारही बाजूंना करडा रंग होता. भाऊ उजवीकडे म्हणाला, मला डावीकडे वाटत होते, आणि ते डोक्यावरून आले, पंख असलेले. आम्ही दोघेही ओरडलो आणि आई उठून आली.

शाळेत मुक्या पट्ट्या आम्ही वहीत मांडल्या. पाच निघाल्या, तीन पांढऱ्या आणि दोन काळ्या. पहिला पक्षी ठरायला वीस मिनिटे लागली, बाकीचे पटापट बसले. चांदीचे पदक मिळाले तेव्हा पहाटेचे अडीच वाजले होते. वहीच्या कोपऱ्यात गेममधली सेव्ह करायची नोंदवही कोणत्या खोलीत आहे हेही लिहून ठेवले आहे, आणि उद्या रात्री पुन्हा बसणार आहोत. पेटीवाली ताई, बाटलीचे लक्षात आहे.